जुन्या लॅपटॉपवर हायकू: बसवण्यापासून पहिल्या पॅचपर्यंत

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांतून वापरून झालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक पुण्याच्या सेकंडहँड बाजारात सतत येत असतात. दोन कोअरचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम, हार्डवेअर ठणठणीत. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा आधार संपला आणि असे आणखी लॅपटॉप अडगळीत गेले. घरातला तो एकमेव संगणक असेल तर त्यावर हलके लिनक्स टाका, तेच शहाणपणाचे. पण हाताशी एक जास्तीचे मशीन असेल आणि ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी चालते हे कोड वाचून समजून घ्यायचे असेल, तर हायकू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाका. कर्नलपासून (सिस्टिमच्या गाभ्यापासून) डेस्कटॉपपर्यंत सगळा कोड एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) आहे, एकाच पद्धतीने लिहिलेला आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याला काही महिन्यांत त्याचा आवाका येऊ शकतो.

थोडी पार्श्वभूमी. 1990 च्या दशकात बी इन्कॉर्पोरेटेड या कंपनीने बीओएस नावाची सिस्टिम बनवली. 2001 मध्ये कंपनीची मालमत्ता पामने विकत घेतली आणि बीओएस थांबले. त्याच वर्षी चाहत्यांनी ओपनबीओएस या नावाने ते नव्याने लिहायला घेतले आणि 2004 मध्ये प्रकल्पाचे नाव हायकू झाले. पहिली अल्फा (सुरुवातीची चाचणी आवृत्ती) 2009 मध्ये आली, पहिली बीटा 2018 मध्ये, पाचवी बीटा सप्टेंबर 2024 मध्ये. परवाना एमआयटी, म्हणजे कोड जवळजवळ निर्बंधाविना वापरता येतो. हा लिनक्सचा प्रकार नाही. कर्नल वेगळा, फाइल सिस्टिम वेगळी, ग्राफिक्सची व्यवस्थाही वेगळी. म्हणून लिनक्सवरचे ड्रायव्हर इथे चालत नाहीत आणि मशीन निवडताना तेवढी काळजी घ्यावी लागते.

या लेखातल्या कमांड आणि फाइलनावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची आहेत. कमांड लहान लिपीत (लोअरकेसमध्ये), प्रोग्रॅमची नावे मात्र मूळ आहेत तशीच.

मशीन निवडताना

किमान गरज 384 एमबी रॅम आणि 3 जीबी डिस्क इतकीच आहे, पण ब्राउझर उघडायचा असेल तर 2 जीबी रॅम आणि 16 जीबी डिस्क धरून चला. हार्ड डिस्कच्या जागी साधी 120 जीबीची साटा एसएसडी घातली तर मशीनचे रूपच पालटते.

इंटेलचे ग्राफिक्स असलेले मशीन घ्या. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर साध्या फ्रेमबफरवर (प्रवेगाशिवायच्या मूलभूत चित्रावर) भागवावे लागते, आणि थ्रीडी प्रवेग तर कुठल्याच कार्डवर गृहीत धरू नका. वायफाय चिप इंटेल किंवा अथेरॉसची असावी. ब्रॉडकॉम असेल तर फर्मवेअर वेगळे आणावे लागते आणि तरीही खात्री नसते. लॅनचे पोर्ट आहे ना, हे दुकानातच बघा. वायफाय रुसले तर तेच उपयोगी पडते. तेही नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, त्यासाठीचा ड्रायव्हर सिस्टिममध्येच आहे.

लॅपटॉप बराच काळ पडून असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर2032 असतो, काहींत वायर जोडलेला. तपकीर गल्लीत सहज मिळतो. तो न बदलता पुढे गेलात तर घड्याळ दर वेळी कित्येक वर्षे मागे जाते, वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात, आणि इंटरनेट बिघडलंय असा समज होऊन भलतीकडेच शोध सुरू होतो.

स्लीप आणि ब्लूटूथ यांच्या भरवशावर राहू नका. झाकण लावून लॅपटॉप पिशवीत टाकायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. काम झाले की बंद करायचा.

पेनड्राइव्ह

64 बिटची ‘एनीबूट’ इमेज (पेनड्राइव्हवर लिहायची एकच फाइल) उतरवा. 32 बिटची आवृत्ती फक्त 64 बिट न चालणाऱ्या जुन्या प्रोसेसरसाठी, किंवा मूळ बीओएसचे प्रोग्रॅम चालवून पाहायचे असतील तर घ्या. ती सुसंगतता 32 बिटमध्येच आहे. इमेजसोबत दिलेला शा-256 चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहा.

4 जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. इमेजची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, ती थेट लिहावी लागते. विंडोजवर रूफसमध्ये ‘डीडी इमेज’ हा प्रकार निवडा, नाहीतर एचर वापरा. लिनक्सवर ‘डीडी’ चालते. आधी ‘एलएसबीएलके’ चालवून पेनड्राइव्हचे नाव पक्के करा, आणि आउटपुट म्हणून आख्खे डिव्हाइस द्या, म्हणजे ‘एसडीबी’, ‘एसडीबी1’ नव्हे. इथे एक अक्षर चुकले तर तुमचीच डिस्क पुसली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा.

बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) सिक्युअर बूट बंद करा, कारण हायकूच्या लोडरवर त्यासाठीची सही नसते. साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय ठेवा. तो आरएआयडी किंवा आरएसटीवर असेल तर हायकूला डिस्क दिसणारच नाही. मात्र त्याच मशीनवर विंडोज ठेवायचे असेल तर मोड बदलल्यावर ते सुरू होत नाही, आधी विंडोजमध्ये तशी तयारी करावी लागते.

आधी नुसते चालवून पाहा

पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर भाषा आणि कीबोर्ड विचारला जातो आणि बसवायचे की नुसते वापरून पाहायचे असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडा. पंधरा मिनिटे नीट तपासा: पडद्याचे रिझोल्यूशन, आवाज, टचपॅड, वायफायची यादी. इथे जे चालत नाही ते बसवल्यानंतर आपोआप चालू लागणार नाही.

बूट मध्येच अडकले तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करा आणि लोगो येण्याआधीपासून शिफ्ट दाबून ठेवा. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) असलेल्या मशीनवर शिफ्टऐवजी स्पेसबार पुन्हा पुन्हा दाबत राहा. बूट लोडरचा मेनू येतो. पडदा काळा पडत असेल किंवा चित्र विस्कटत असेल तर सेफ मोडच्या पर्यायांत ‘फेल-सेफ ग्राफिक्स ड्रायव्हर’ लावा. मशीन गोठत असेल तर एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळणारी व्यवस्था) बंद करून बघा. एकावेळी एकच पर्याय बदला. चार एकदम लावले आणि मशीन चालू झाले, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढे तक्रार नोंदवताना तेच सांगायचे असते. बूटच्या वेळी चित्रे एकामागून एक उजळतात. कोणत्या चित्रावर अडकले तेही टिपून ठेवा.

डिस्कवर बसवणे

डिस्कवर जपण्यासारखे काही असेल तर ते आधी दुसरीकडे हलवा. पुढच्या पायऱ्या आख्खी डिस्क हायकूला द्यायची असे धरून आहेत.

इन्स्टॉलरमधून ड्राइव्हसेटअप उघडा. मशीन जुन्या बायोसचे असेल तर डिस्कवर ‘इंटेल पार्टिशन मॅप’ तयार करा, त्यात बी फाइल सिस्टिमचे (हायकूच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमचे) एक पार्टिशन (डिस्कचा भाग) बनवा, बनवतानाच ते ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठेवा, मग फॉरमॅट करा. ब्लॉक साइज आहे तोच राहू द्या. इन्स्टॉलरमध्ये हे पार्टिशन निवडून सुरुवात करा. काही मिनिटांत कॉपी पूर्ण होते. नंतर ‘टूल्स’ मेनूतून बूट सेक्टर लिहून घ्या. रीस्टार्ट केल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा संदेश आला, तर एक तर पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह नाही, नाहीतर डिस्कच्या सुरुवातीचा एमबीआर कोड जागेवर नाही. पेनड्राइव्हवरून पुन्हा बूट करून ‘राइटएमबीआर’ ही कमांड त्या डिस्कवर चालवली की दुसरी अडचण सुटते.

यूईएफआय मशीनवर गाडी वेगळ्या ठिकाणी अडते. तिथे ‘गुइड पार्टिशन मॅप’ लागतो आणि दोन पार्टिशन: पहिले ईएफआय सिस्टिम प्रकाराचे, 100 ते 200 एमबी, फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेले, उरलेले बी फाइल सिस्टिमचे. इन्स्टॉलर हायकू कॉपी करतो, पण बूट लोडर ईएफआय पार्टिशनवर वेगळा ठेवावा लागतो. ही पायरी राहिली की मशीन सुरूच होत नाही आणि इन्स्टॉलेशन फसले असे वाटते. म्हणून रीस्टार्ट करण्याआधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ते पार्टिशन माउंट करा, त्यात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत ‘बूट’ असा फोल्डर बनवा. सिस्टिमच्या ‘डेटा’ फोल्डरात ‘प्लॅटफॉर्म_लोडर्स’ आहे, त्यातली ‘हायकू_लोडर डॉट ईएफआय’ ही फाइल तिथे कॉपी करून तिचे नाव ‘बूटएक्स64 डॉट ईएफआय’ करा. डिस्कवर आधीच दुसरी सिस्टिम असेल तर त्या नावाची जुनी फाइल आधी दुसऱ्या नावाने जपून ठेवा.

पहिल्या दिवशी काय करायचे

कॉपी-पेस्टसाठी हायकूत कंट्रोलऐवजी ऑल्ट वापरतात. बोटांना ते जमत नसेल तर कीमॅपच्या प्राधान्यांत विंडोज-लिनक्स पद्धत निवडा. सॉफ्टवेअर हायकूडेपोमधून मिळते, किंवा टर्मिनलमध्ये ‘पीकेजीमॅन इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचे नाव. वेबपॉझिटिव्ह हा ब्राउझर सोबत येतो. जड साइटसाठी फाल्कन बसवून ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हायकूच्या डेस्कटॉपवर एकच वापरकर्ता असतो आणि त्याला सगळे अधिकार असतात. कुठलाही प्रोग्रॅम कुठलीही फाइल वाचू शकतो. या मशीनवर नेट बँकिंग करू नका, आधार किंवा पॅनच्या प्रती ठेवू नका.

अपडेटची व्यवस्था मात्र उत्तम आहे आणि ती समजून घेतली तर बिनधास्त प्रयोग करता येतात. इथे पॅकेज उलगडून फाइली इकडेतिकडे पसरत नाहीत. पॅकेजची फाइल ‘पॅकेजेस’ फोल्डरात असते आणि तिच्यातला मजकूर सिस्टिम फोल्डरात फक्त वाचता येईल अशा रूपात दिसतो. पॅकेज काढले की तो मजकूर नाहीसा. प्रत्येक बदलाच्या वेळी आधीची स्थिती जपली जाते. त्यामुळे ‘पीकेजीमॅन फुल-सिंक’ केल्यावर मशीन बूट होईनासे झाले, तर बूट लोडरच्या मेनूत बूट व्हॉल्यूम निवडण्याच्या ठिकाणी जाऊन तारखेनुसार जुनी स्थिती निवडा. सिस्टिम तशीच्या तशी परत येते. एखादाच ड्रायव्हर त्रास देत असेल तर त्याच मेनूतून त्याला ब्लॅकलिस्टमध्ये टाकता येते. आपण स्वतः बनवलेल्या गोष्टी ‘नॉन-पॅकेज्ड’ फोल्डरात ठेवायच्या. सिस्टिम फोल्डरात लिहायला गेलात तर नकार मिळतो, तो बिघाड नव्हे.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. बी फाइल सिस्टिम जर्नल (बदलांची नोंद) ठेवते, त्यामुळे फाइल सिस्टिमची रचना सहसा शाबूत राहते. पण सेव्ह न केलेले आणि नुकतेच लिहिलेले जाऊ शकते. अचानक बंद पडल्यावर ‘चेकएफएस’ चालवून घ्या. शक्य असेल तर लहान यूपीएस लावा.

फाइल सिस्टिम हाच डेटाबेस

हायकूत शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही. प्रत्येक फाइलला कितीही गुणधर्म जोडता येतात आणि त्यांवर थेट शोध घेता येतो, वेगळ्या प्रोग्रॅमशिवाय. ईमेल इथे साध्या फाइली असतात आणि पाठवणारा, विषय, तारीख हे त्यांचे गुणधर्म.

समजा सोसायटीच्या पावत्या स्कॅन करून ठेवायच्या आहेत. ‘एमकेइंडेक्स’ने फ्लॅट क्रमांकासाठी निर्देशांक आधी तयार करा, मग ‘अ‍ॅडअ‍ॅट्र’ने प्रत्येक फाइलला क्रमांक द्या. आता शोधाच्या खिडकीतून किंवा ‘क्वेरी’ कमांडने एका फ्लॅटच्या सगळ्या पावत्या क्षणात मिळतात, त्या कुठल्याही फोल्डरात असोत. क्रम महत्त्वाचा आहे: निर्देशांक नसताना दिलेले गुणधर्म शोधात येत नाहीत. तसे झालेच तर ‘रीइंडेक्स’ चालवा. आणि या फाइली फॅटच्या पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या की गुणधर्म गळून पडतात. हायकूतच झिप करून न्या, झिप ते सांभाळते.

मराठीचे काय

इथे आपल्याला सरळ अडचण आहे. हायकूच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी अक्षरे दिसतात, पण जुळत नाहीत. स्टाइल्डएडिट या मजकूर-एडिटरमध्ये ‘विद्यार्थी’ लिहून पाहा: पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते, द्य फुटून हलन्त दिसतो, रफार जागेवर चढत नाही. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. अक्षर रेखाटण्याचे काम पडदा सांभाळणारा अ‍ॅप_सर्व्हर करतो, आणि तो एका युनिकोड खुणेला एक आकृती या हिशेबाने चालतो. जोडाक्षरे बांधणारा टप्पा त्यात नाही. क्यूटी या साधनसंचावर बनलेले प्रोग्रॅम ते काम स्वतः हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या लायब्ररीकडून करून घेतात, म्हणून मराठी मजकूर वाचायचा-लिहायचा तर क्यूटीचा एखादा एडिटर बसवा. मराठी फॉन्ट घरच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरातल्या ‘नॉन-पॅकेज्ड’मध्ये, ‘डेटा’च्या आत ‘फॉन्ट्स’ फोल्डर करून त्यात टाका. फाइलींची नावे तूर्त रोमनमध्ये ठेवणे सोयीचे.

हे दुरुस्त करणारा माणूस देवनागरी वाचणारा असेल तर फार बरे, कारण चूक नुसत्या नजरेने ओळखता यायला हवी. कोड बघायचा असेल तर अ‍ॅप_सर्व्हरमधल्या ‘ग्लिफलेआउटइंजिन’ या हेडर फाइलपासून सुरुवात करा. पण पहिले काम म्हणून हे हाती घेऊ नका. अक्षरे रेखाटणे हा त्याचा लहान भाग आहे. मजकुराची रुंदी मोजणे, कर्सर कुठे थांबायचा, ओळ कुठे तोडायची हे सगळे याच गृहीतकावर उभे आहे आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेले आहे.

स्वतः बांधणे

संपूर्ण सिस्टिम बांधायला दमदार लिनक्स मशीन वापरा, जुना लॅपटॉप फक्त चाचणीला. डेबियन किंवा उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल, गिट, नॅझम, बायसन, फ्लेक्स, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, टेक्सइन्फो, गॉक, झॉरिसो, पायथन 3, आणि झीलिब व झेडएसटीडीच्या डेव्हलपमेंट फाइली लागतात. निदान 20 जीबी जागा मोकळी ठेवा. फाइल सिस्टिम लहान-मोठ्या लिपीत फरक करणारी हवी. विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये काम करत असाल तर कोड लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा, सी ड्राइव्हवर नको.

‘हायकू’ आणि ‘बिल्डटूल्स’ या दोन रिपॉझिटरी शेजारी-शेजारी क्लोन करा (आपल्या मशीनवर प्रत उतरवा). बिल्डटूल्समधला ‘जॅम’ आधी बांधून बसवा. हायकूचे बिल्ड मेकने नाही, जॅमने होते. हायकूच्या आत ‘जनरेटेड’ने सुरू होणारा फोल्डर बनवून त्यातून ‘कॉन्फिगर’ चालवा आणि त्याला बिल्डटूल्सचा मार्ग व एक्स86_64 हे आर्किटेक्चर द्या. याच वेळी क्रॉस कंपायलर (लिनक्सवर बसून हायकूसाठी कोड बनवणारा) बांधला जातो, त्याला वेळ लागतो. मग ‘जॅम -क्यू @नाइटली-एनीबूट’, आणि इमेज तयार.

पहिल्या दिवशी हमखास अडवणारी चूक: जागा वाचवायला उथळ क्लोन (जुना इतिहास वगळून) केला की गिटचे टॅग येत नाहीत, आणि आवृत्ती क्रमांक ठरवता येत नाही म्हणून बिल्ड थांबते. टॅग आणा, किंवा ‘हायकू_रिव्हिजन’ हे चल हाताने द्या. रॅम कमी असेल आणि कंपायलर मधेच मारला जात असेल तर समांतर कामांची संख्या दोनवर आणा.

आख्खी सिस्टिम दर वेळी बांधायची गरज नसते. ‘जॅम -क्यू स्टाइल्डएडिट’ म्हटले की तेवढाच प्रोग्रॅम बांधला जातो. तो हायकूवर कुठल्याही फोल्डरातून चालवून बघता येतो. कर्नल किंवा ड्रायव्हरला हात लावला असेल तर आधी क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये 2 जीबी रॅम देऊन चालवा आणि मगच खऱ्या मशीनवर न्या. कर्नल कोसळला की पांढऱ्या पडद्यावर कर्नल डीबगर उघडतो. तिथे ‘बीटी’ टाइप केल्यावर फंक्शनची साखळी दिसते, तिचा फोटो काढा, मग ‘रीबूट’. तिकीट (बिघाडाची नोंद) लिहिताना तो फोटो, ‘अबाउट’ खिडकीतला ‘एचरेव’ (आवृत्ती) क्रमांक, ‘लिस्टडेव’चे आउटपुट आणि सिसलॉग (सिस्टिमची नोंदवही) जोडा. एवढे असेल तर परदेशात बसलेला डेव्हलपरही तुमच्या मशीनबद्दल विचार करू शकतो. ‘वायफाय चालत नाही’ एवढ्या ओळीवर कुणालाच काही करता येत नाही.

पहिला पॅच

पॅच म्हणजे कोडमधला लहान बदल. तिकिटांच्या यादीत सोप्या कामांची वेगळी खूण असते. तिथून एक लहान काम घ्या. सुरुवातीला सी++ नको असेल तर हायकूपोर्ट्सची (हायकूसाठी बाहेरचे सॉफ्टवेअर आणणाऱ्या प्रकल्पाची) रेसिपी लिहा: एका फाइलीत सॉफ्टवेअरचे वर्णन, मूळ स्रोताचा पत्ता, त्याचा शा-256, काय लागते आणि काय मिळते याच्या याद्या, शेवटी बांधण्याचे व बसवण्याचे फंक्शन. ‘हायकूपोर्टर’ने ती बांधून बघायची. बहुतेक वेळा अडते ते ‘बिल्ड_रिक्वायर्स’मध्ये एखादी लायब्ररी लिहायची राहिल्यामुळे. हायकूपोर्टर प्रत्येक पॅकेज वेगळ्या कोंडलेल्या वातावरणात बांधतो, तुमच्या मशीनवर ती लायब्ररी असली तरी त्याला दिसत नाही.

मुख्य कोडमध्ये पॅच द्यायचा असेल तर शैलीचे नियम काटेकोर आहेत: इंडेंटसाठी टॅब, ओळ 100 स्तंभांच्या आत, फंक्शनचा परतीचा प्रकार स्वतंत्र ओळीवर, दोन फंक्शनांमध्ये दोन रिकाम्या ओळी, वर्गातल्या चलांची नावे ‘एफ’ने सुरू. जीपीएल परवान्याचा कोड उचलून आणू नका, एमआयटी परवान्याच्या कोडमध्ये तो घेता येत नाही.

परीक्षण गेरिट या कोड तपासण्याच्या वेबसाइटवर चालते. तिथे खाते काढा, एसएसएच की जोडा आणि गेरिटचा ‘कमिट-एमएसजी’ हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) आपल्या क्लोनमध्ये टाका. हुक नसेल तर कमिटला ‘चेंज-आयडी’ मिळत नाही आणि पुश नाकारला जातो. पुश थेट मास्टरवर नसून ‘रेफ्स/फॉर/मास्टर’वर करायचा. परीक्षकांनी बदल सुचवले की नवे कमिट जोडू नका. जुन्याच कमिटला ‘अमेंड’ करा, चेंज-आयडीची ओळ तशीच राहू द्या आणि पुन्हा पुश करा. ती ओळ पुसली गेली तर गेरिट तो नवाच पॅच धरतो आणि आधीची चर्चा त्यापासून तुटते. एका कमिटमध्ये एकच दुरुस्ती ठेवा. शैलीची साफसफाई करायचीच असेल तर तिचे वेगळे कमिट पाठवा, म्हणजे परीक्षकाला मूळ बदल झटकन दिसतो आणि तुमचा पॅच आठवडेच्या आठवडे पडून राहत नाही.